'स्किझम'ला मराठीत काय म्हणावं? फूट, दुही, भेद की आणखी काही?

ओवी

नमस्कार मंडळी. थोडी मदत हवी आहे, आणि जमल्यास थोडं भांडायचंही आहे.

वसईतल्या एका धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी मी काही जुन्या इंग्रजी टिपणांचं मराठी करते आहे. मुंबई बेटावरच्या ख्रिस्ती लोकांमध्ये 'पाद्रोआदो' (पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानणारी बाजू) आणि 'प्रोपागांडा' (थेट रोमची बाजू) असा जो दीडशे-दोनशे वर्षांचा वाद चालला, त्याबद्दलची ही टिपणं आहेत. त्यात 'स्किझम' हा शब्द अकरा वेळा आलाय. पहिल्या खेपेला मी सगळीकडे 'फूट' लिहून मोकळी झाले. संपादक काकांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे वाचून वाटतं की नगरपालिकेत पाच नगरसेवक फुटले."

त्यांचं खरं आहे. फूट रोज पेपरात पडते आणि पुढच्या आठवड्यात बुजतेही. मला हवाय तो शब्द खोल आहे. एकाच देवळात, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसं दोन झाली आणि नातवंडांपर्यंत दोनच राहिली, त्याला काय म्हणायचं?

दुसरं, हा शब्द मुळात कुठला? आणि तिसरं, उच्चार 'स्किझम' की 'सिझम'? प्रकाशनाच्या दिवशी कुणीतरी तो मोठ्यानं वाचणार आहे.

---

कोपऱ्यातला_बाक

दुफळी. संपला विषय.

---

ओवी

बाकराव, दुफळी गावच्या जत्रेच्या वर्गणीवरून पण होते हो.

---

अनुस्वार

मुळापासून सांगतो, कारण या शब्दाचं मूळ आपल्या घरापर्यंत येतं.

इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचने लॅटिनमधून घेतला, लॅटिनने ग्रीकमधून. ग्रीक क्रियापद 'स्खिझेइन' म्हणजे चिरणं, फाडणं, दुभागणं. त्यावरून 'स्खिझ्मा', म्हणजे चीर. सुरुवातीला त्यात धर्म वगैरे काही नव्हतं. लाकूड चिरलं, कापड फाटलं, की तिथे जे उरतं ते.

आता गंमत. या क्रियापदाचं संस्कृतातलं सख्खं भावंड म्हणजे 'छिद्'. छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद हे सगळं तिथलंच. शाळेत अपूर्णांकाच्या रेघेखाली जो 'छेद' लिहीत होतो, तो आणि हा स्किझम एकाच घराण्यातले. लॅटिनमध्ये त्याच घराण्यातलं 'स्किंदेरे' आहे.

आणि अजून एक. इंग्रजीत भेगेला 'फिशर' म्हणतात. तो लॅटिन 'फिंदेरे'वरून आलेला, आणि त्याचं संस्कृत भावंड म्हणजे 'भिद्'. भेद, भिन्न, भेदणे. इंग्रजी 'बाइट', चावणं, हेही त्याच मुळातून.

म्हणजे आपण सहज 'छिन्नभिन्न' म्हणतो ना, त्यात स्किझम आणि फिशर दोघंही शेजारी शेजारी बसलेले आहेत. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं होतं.

---

सुईदोरा

वहिनी काय म्हणाल्या?

---

अनुस्वार

"उद्या सांगा."

---

थेम्सकाठ

उच्चाराबद्दल. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'स'ने सुरू होई आणि स्पेलिंगमध्ये 'सी-एच'चा पत्ताही नव्हता. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी ग्रीक-लॅटिन मुळाशी जुळावं म्हणून मधे 'सी-एच' घातला. लिहिताना बदललं, तोंडात मात्र 'सिझम'च राहिलं. नंतर लोक जसं दिसतं तसं वाचू लागले, आणि आज 'स्किझम' जास्त ऐकू येतो. शब्दकोशांत दोन्ही मिळतात. इथे एका वयस्कर पाद्रीबाबांच्या तोंडी मी 'सिझम' ऐकलाय, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'स्किझम'. कुणीच चूक नाही.

असाच घोळ 'शेड्यूल'चा. तोही बहुधा याच ग्रीक मुळातून आलाय: चिरलेल्या पपायरसची पट्टी, मग कागदाचा तुकडा, मग यादी, मग वेळापत्रक. इंग्रज म्हणतात शेड्यूल, अमेरिकन म्हणतात स्केज्यूल.

---

कोपऱ्यातला_बाक

आणि 'सिझर्स'? कात्री पण चिरतेच की.

---

अनुस्वार

सगळे इथे फसतात, मीही फसलो होतो. कात्रीचा इंग्रजी शब्द वेगळ्या लॅटिन मुळातून आलाय, कापण्याच्या 'काएदेरे'वरून. 'एस-सी' हे स्पेलिंग मागाहून चिकटवलं, 'स्किंदेरे'शी नातं आहे असं वाटून. आपली कात्री 'कर्तरी'वरून, म्हणजे 'कृत्' धातू. तिसरंच घराणं.

---

गारगोटी

अनुस्वार, घराण्यातला एक दगड राहिला. शिस्ट. तोही स्खिझेइनवरूनच, कारण तो पापुद्र्यापापुद्र्याने चिरला जातो. मराठीत आम्ही त्याला सुभाजा म्हणतो. सहज भागतो तो सुभाजा. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना माझा नमस्कार.

सह्याद्रीच्या बहुतेक भागात तो दिसत नाही, तिथे सगळा लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. पण सिंधुदुर्गात आणि गोव्यात खाली उतरलात की फार जुने, धारवाडी काळाचे खडक उघडे पडतात, तिथे शिस्ट मिळतो. अभ्रक असलेला तुकडा उन्हात धरला की चमकतो, आणि नखाने पापुद्रा सुटतो.

पण लक्षात घ्या, शिस्ट कुठेही चिरत नाही. लक्षावधी वर्षांच्या दाबाने त्यातले कण ज्या दिशेने बसलेत, त्याच दिशेने तो चिरतो. फूट एका दिवसात पडते असं वाटतं, पण दगडात ती रेघ आधीपासून असते. तुमच्या टिपणांतही तसंच निघेल बघा.

---

सुईदोरा

अनुस्वार म्हणाले की ग्रीकांत हे मूळ कापड फाटण्याचंही. मी शिवणकाम करते, म्हणून विचारते. मराठीतही तसंच नाही का? "त्यांचं आमचं फाटलं" असं आमच्या आईच्या तोंडी कायम. फाटलं म्हणजे संबंध तुटले. 'फाटाफूट'मध्येही आधी फाटणं, मग फुटणं.

---

माहीमचा_वारा

सुईदोरा ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बायबलच्या ग्रीक नव्या करारात हाच शब्द दोन्ही अर्थांनी आहे. जुन्या वस्त्राला नव्या कापडाचं ठिगळ लावलं तर फाटलेलं आणखी फाटतं, तिथे 'स्खिझ्मा'. आणि करिंथच्या मंडळीला पौल लिहितो की तुमच्यात फुटी नसाव्यात, तिथेही तोच शब्द. लोकांत पडलेली फूट ही कापडाची फाट, हे रूपक तिथूनच चर्चच्या भाषेत पक्कं झालं.

आता ओवी, तुमच्या विषयाकडे येतो. माझं बालपण माहीममध्ये गेलं, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा लांब लिहितोय.

पोर्तुगालच्या राजाला पोपनी पूर्वेकडच्या धर्मप्रसाराच्या प्रदेशांत बिशप सुचवण्याचा, चर्चेस उभारण्याचा अधिकार दिला होता. तो पाद्रोआदो. पुढे १६२२ मध्ये रोमने स्वतःचं खातं काढलं, श्रद्धाप्रसारासाठी. ते प्रोपागांडा फिदे. (जाहिरातबाजी या अर्थाचा 'प्रोपगंडा' इथूनच निघाला.) एका बाजूला गोव्याचा आर्चबिशप, दुसऱ्या बाजूला रोमने थेट पाठवलेले व्हिकार अपोस्तोलिक, म्हणजे पोपच्या वतीने कारभार पाहणारे धर्माधिकारी.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर त्यांना गोव्याशी बांधलेले धर्मगुरू नकोसे झाले. १७२० मध्ये त्यांनी गोव्याच्या बाजूच्या फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंना बेटावरून घालवलं आणि रोमच्या बाजूचे कार्मेलाइट संघाचे आणले. मग कधी हे, कधी ते. शेवटी १७९४ मध्ये कंपनी सरकारने मधला मार्ग काढला: दोन चर्चेस यांना, दोन त्यांना. एकाच बेटावर, एकाच धर्माच्या माणसांवर दोन अधिकार.

१८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी एक फर्मान काढून गोव्याबाहेरचा पाद्रोआदोचा अधिकार बराच कापला. गोव्याच्या बाजूने म्हटलं, राजाच्या संमतीशिवाय हे आम्हाला लागू नाही. रोमची बाजू त्यांना 'स्किस्मॅटिक' म्हणू लागली. १८५३ मध्ये आमच्या माहीमच्या सेंट मायकेलमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत आणि विरोधी गट बाहेर, असा कित्येक दिवस वेढा पडला होता. चर्चला वेढा! लहानपणी आजोबांकडून ऐकलं तेव्हा मला वाटलं ते शिवाजी महाराजांच्या काळातलं काहीतरी सांगतायत.

१८८६ च्या करारानेही दोन अधिकार राहिलेच. मुंबईतला दुहेरी कारभार संपला तो १९२८ मध्ये.

आणि आता मुद्दा. या सगळ्यात श्रद्धेचा एक शब्दही वेगळा नव्हता. तीच मिस्सा, तीच प्रार्थना, तेच संत. भांडण होतं ते बिशप कुणी नेमायचा याचं. म्हणून चर्चच्या कायद्यात 'हेरसी' आणि 'स्किझम' वेगळे आहेत. हेरसी म्हणजे शिकवणच नाकारणं, स्किझम म्हणजे अधिकार आणि ऐक्य नाकारणं.

---

ओवी

वारा, डोळे भरून आले हो. माझ्या टिपणांत नुसत्या तारखा होत्या. सेंट मायकेलच्या वेढ्याची गोष्ट एका ओळीत उरकली आहे.

---

कोपऱ्यातला_बाक

शब्द फेटाळल्यामुळे रुसलो होतो, पण हे वाचून परत आलो. भांडण अधिकाराचं, कारभार वेगळा, देव तोच. याला मराठीत आधीपासून शब्द आहे: सवतासुभा. सुभा म्हणजे प्रांताचा कारभार. वेगळा सुभा मांडला. इथे तर तो अक्षरशः लागू पडतो.

---

अनुस्वार

बाक, हा फार चांगला आहे. पण सवतासुभा 'मांडतात', तो एका बाजूचा उद्योग झाला. मधली भेग त्यात दिसत नाही.

---

लेणीवेडा

उशिरा आलो. मंडळी, आपल्याकडे याचा अगदी नेमका शब्द दोन हजारांहून अधिक वर्षं आहे आणि कुणी काढलाच नाही. संघभेद.

विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, संघात फूट पाडणं हा भयंकर अपराध मानलाय. बुद्धाचा नातलग देवदत्त याने संघ फोडला, ती गोष्ट त्याचीच. सम्राट अशोकाने सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या स्तंभांवर आज्ञा कोरली की संघ कुणी फोडू नये, आणि जो भिक्षू किंवा भिक्षुणी फोडेल त्याला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर राहायला लावावं. पांढरी वस्त्रं म्हणजे गृहस्थाची. इंग्रज अभ्यासक या लेखाला 'स्किझम एडिक्ट' म्हणतात, आणि सारनाथच्या मूळ लेखातलं क्रियापद कोणतं? 'भेतवे'. अनुस्वारांचा भिद्!

आज्ञा असूनही भेद झालेच. महासांघिक आणि स्थविर वेगळे झाले, पुढे अनेक निकाय, म्हणजे पंथ, झाले. ते बघायला कुठे लांब जायला नको. कार्ल्याच्या लेण्यात महासांघिकांना दिलेल्या दानाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने लेणं दिलंय ते भद्रायनीय भिक्षूंना. कान्हेरीलाही भद्रायनीय आहेत. एकाच सह्याद्रीत हे निकाय शेजारी शेजारी नांदत होते, आणि दान देणाऱ्यांची गर्दी दोन्हीकडे होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभं राहिलं की मला हे दरवेळी आठवतं.

---

ओवी

संघभेद! किती सुंदर. आणि ख्रिस्ती मराठीत 'धर्मसभा' आहेच, म्हणजे 'धर्मसभाभेद'… नाही, ते जिभेला जड होतंय.

---

मध्यरात्र

विषयांतर वाटेल, पण लिहिते. याच मुळातून स्किझोफ्रेनिया आला आहे. १९०८ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी तो शब्द मांडला. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. शब्दात 'चिरलेलं मन' आहे म्हणून लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं राहतात. तसं नाही. ब्लॉयलर यांच्या मनात होतं ते विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांपासून सुटलेली सांगड.

माझा धाकटा भाऊ या आजारासोबत अठरा वर्षं जगतो आहे. तो एकच माणूस आहे, चहात दोन चमचे साखर घालणारा. म्हणून वर्तमानपत्रात 'पक्षाची स्किझोफ्रेनिक भूमिका' असं वाचलं की दुखतं. शब्दाचा उगम सांगताना हेही कुठेतरी सांगा.

---

गारगोटी

मध्यरात्र, सांगितलंत हे फार बरं झालं. मी वर्गात शिस्टबद्दल बोलताना ही सगळी भावंडं मोजून दाखवतो. पुढच्या वेळी हेही सांगेन.

---

थेम्सकाठ

धाग्यात 'कॅझम' कुणी आणलाच नाही. दिसायला स्किझमचा भाऊ, पण नातं नाही. तो ग्रीक 'खास्मा'वरून, म्हणजे आ वासलेलं भगदाड. 'केऑस' त्याच घराण्यातला, आणि व्हान हेल्माँट यांनी 'गॅस' हा शब्द त्या केऑसवरूनच घडवला. जांभई देणं, तोंड उघडणं हा मूळ भाव.

मराठीतही दरी 'आ वासून' उभी असते. म्हणजे स्किझमला फाटणं आणि कॅझमला आ वासणं, दोन्ही प्रतिमा आपल्याकडे आधीच आहेत. पिढ्यांमधली, श्रीमंत-गरिबांमधली असते ती दरी. ते लोक कधी एक होतेच असं नाही. स्किझमला मात्र आधी एक असावं लागतं.

---

सुईदोरा

हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. दोन वेगळी कापडं शेजारी ठेवली तर ती फाट नव्हे.

---

कोपऱ्यातला_बाक

मग 'यादवी'? एकाच कुळातली माणसं.

---

लेणीवेडा

यादवीत प्रभासक्षेत्री सगळेच मेले. मागे दोन घरं उरली नाहीत.

---

माहीमचा_वारा

जगातल्या दोन मोठ्या फुटींबद्दल थोडं, कारण त्यावरूनच शब्द ठरेल असं वाटतं.

पहिली १०५४ ची. १६ जुलैला कार्डिनल हुंबेर्ट यांनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं आणि निघून गेले. ज्या पोपच्या नावाने ते आले होते, ते नववे लिओ तेव्हा वारून तीन महिने झाले होते! वादाचे मुद्दे काय? मिस्सेला बेखमीर भाकर वापरायची की खमीर घातलेली. आणि श्रद्धेच्या अंगीकारात पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' निघतो, हा लॅटिन लोकांनी वाढवलेला शब्द. पण गारगोटी म्हणतात तसंच, रेघ आधीपासून होती. एकीकडे ग्रीक, दुसरीकडे लॅटिन, आणि रोमचा अधिकार कुठवर हा प्रश्न. आणि खरी जखम १२०४ ची. क्रुसेडवाल्यांनी तेच शहर लुटलं. परस्परांवरचे ते बहिष्कार मागे घेतले गेले ७ डिसेंबर १९६५ ला, पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टॅन्टिनोपलचे प्रमुख धर्मगुरू, पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी. ऐक्य मात्र अजून नाही.

दुसरी १३७८ ते १४१७ ची. एक पोप रोममध्ये, एक फ्रान्समधल्या आविन्योंमध्ये. १४०९ मध्ये पिसाला परिषद भरली, तंटा मिटवायला, आणि तिथून तिसरा पोप निघाला. कॉन्स्टन्सच्या परिषदेने अखेर पाचवे मार्टिन निवडले तेव्हा कुठे संपलं. यात मला सगळ्यात हलवणारी गोष्ट ही: सिएनाची कॅथरिन रोमच्या बाजूने होती आणि व्हिन्सेंट फेरर आविन्योंच्या. आज दोघंही संत आहेत.

म्हणजे फुटीच्या दोन्ही बाजूंना सच्ची माणसं असू शकतात. आणि म्हणूनच ओवी, एक धोक्याची सूचना. 'स्किझम' हा शब्द बहुतेक वेळा एक बाजू दुसरीवर फेकते. गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंनी स्वतःला कधी स्किस्मॅटिक म्हणवून घेतलं नाही. तुमची टिपणं कुणी लिहिली आहेत ते पाहा.

---

ओवी

पाहिलं. अकरापैकी नऊ वेळा तो शब्द गोव्याच्या बाजूच्या लोकांबद्दल आहे. लिहिणारा रोमच्या बाजूचा. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आमच्या वसईत दोन्हीकडच्यांची पणतवंडं ही स्मरणिका वाचणार आहेत.

---

लेणीवेडा

मग माझा संघभेद मी स्वतःच मागे घेतो. तोही आरोपाचाच शब्द आहे. अशोकाने ज्याला पांढरं नेसवलं, तो स्वतःला भेद करणारा म्हणाला नसणार.

---

अनुस्वार

आणि 'विच्छेद' मुळाला सगळ्यात जवळचा असला तरी नको. त्यात विवाहविच्छेदाचा शेवटपणा आहे. मुंबईचं प्रकरण १९२८ मध्ये मिटलं.

दुभंग कसा वाटतो? 'दु' आणि 'भंग'. कुणी केला ते त्यात नाही. जे दुभंगतं ते आधी अखंड असतं, ही थेम्सकाठांची अटही पाळली जाते. आणि नगरसेवक दुभंगत नाहीत.

---

सुईदोरा

दुभंग. धरणी दुभंगते, मन दुभंगतं. मला पटला.

---

कोपऱ्यातला_बाक

सवतासुभा निदान एकदा तरी घ्या.

---

ओवी

घेणार आहे, १७९४ च्या परिच्छेदात. दोन चर्चेस यांना, दोन त्यांना, तिथे तोच बसतो.

तर असं ठरवलं आहे. लेखाचं शीर्षक 'मुंबईच्या धर्मसभेतील दुभंग'. जिथे मूळ लेखक आरोप म्हणून शब्द वापरतो तिथे 'फुटीर' ठेवते आणि तो त्याचा शब्द आहे हे वाक्यातच सांगते. माहीमच्या वेढ्याला अर्धं पान वाढवून मागितलंय, काका हो म्हणाले. हार्टमन आत किती दिवस होते, अन्नपाणी कुठून येत होतं, हे शोधायला या आठवड्यात मुंबईला जाते. वारा, तुमच्या आजोबांनी अजून काही सांगितलं असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

माहीमचा_वारा

पाठवतो. आत्याला फोन करतो आधी, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

---

थेम्सकाठ

आणि प्रकाशनाच्या दिवशी उच्चाराचं काय ठरलं? सिझम की स्किझम?

---

ओवी

आता मोठ्याने वाचायचा शब्द 'दुभंग' आहे. काकांनी सकाळी दोनदा वाचून दाखवला.